पुढची सीट

ग्राइंडर चालू करायच्या आधी जानकूने पुन्हा विचारलं, "भरतभाऊ, हा पत्रा कापला की जुनी शीट परत बसायची न्हाई. घरी इचारलंय ना?"

भरतने मान हलवली. घरी त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.

आळेफाट्याच्या त्या गॅरेजात अँबॅसिडरची पुढची सीट काढून भिंतीला टेकवली होती. या दारापासून त्या दारापर्यंत एकच, सलग. भरतचे वडील सावळेरामआबा गाडी चालवायचे, आई ठकूबाई त्यांना खेटून बसायची, आणि लहानपणी दाराशी भरत. गेल्या वर्षी आबा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. तेव्हापासून त्यांचा गुडघा वाकत नव्हता आणि त्यांनी लोणी गाव सोडून कुठे जायचंच टाकलं होतं. पाय लांब करता यावा म्हणून भरतने मागे सरकणाऱ्या दोन सुट्या सीट आणल्या होत्या. गाडीच्या तळाच्या पत्र्याचा उंचवटा त्या सीटना आड येत होता, तोच कापायचा होता.

ठिणग्या उडाल्या. दुपारपर्यंत नवा पत्रा जोडून झाला. जुनी सीट भंगारवाला घेऊन गेला.

जुन्नरला भाचीच्या लग्नाला निघताना भरतने आबांना पुढे बसवलं. पाय अगदी सरळ झाला.

"ऐसपैस हाय," आबा म्हणाले.

ठकूबाई सवयीने पुढच्या दाराशी आली. दोन सीटांमधली फट तिने पाहिली आणि पदर सावरत मागे जाऊन बसली.

आबा मागे वळून काहीबाही सांगू पाहत होते, पण इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू जात नव्हतं. मंचर मागे पडल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. काठी टेकत उतरले आणि मागचं दार उघडलं.

"आबा, मागं पाय मावायचा न्हाई."

"मावंल."

दाराला पाठ लावून ते आडवे बसले. ठकूबाईने त्यांचा ताठ पाय उचलून मांडीवर घेतला. थोड्या वेळाने दोघं कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल हळू आवाजात बोलू लागले.

भरत समोर बघत गाडी चालवत राहिला. घरी एका शब्दाने विचारलं असतं तर, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

नारायणगावच्या स्टँडपाशी एका म्हाताऱ्याने हात केला. खिडकीशी वाकून त्याने विचारलं, "जुन्नरची शीट घेता का, राव? पुढं जागा दिसतीया."

भरतने आरशात पाहिलं. मग हात लांब करून दार उघडलं.

"बसा," तो म्हणाला.