मान न वळवता

एकनाथ ढमाले याचे डोळे जन्मापासून बारीक, पापण्या जड. हसला की डोळे दिसायचेच नाहीत. त्यामुळं आजवर त्याचं कुठं काही अडलं नव्हतं. पौडजवळच्या गावातून तो रोज हिंजवडीला जायचा आणि एका ठेकेदाराच्या गाडीतून कंपनीच्या माणसांची ने-आण करायचा. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. मग ठेकेदारानं सगळ्या गाड्यांत काचेवर कॅमेरा बसवला. त्याचं एक भिंग रस्त्याकडं, दुसरं ड्रायव्हरच्या तोंडाकडं.

डोळे मिटले, जांभई आली, मान वळली की कॅमेरा टीं टीं वाजायचा आणि त्यातली बाई हिंदीत सांगायची, "कृपया सामने देखिए." दर इशाऱ्याला गुण कमी. गुण पडले की मोबाईलवर चांगल्या फेऱ्या येणं बंद. मग मिळायच्या त्या आडवाटेच्या, मधे ताटकळत ठेवणाऱ्या. हे कोण ठरवतं असं विचारलं तर सुपरवायझर शेखर म्हणायचा, "मी नाही रे बाबा, सिस्टम ठरवते."

एकनाथ टक्क जागा असला तरी कॅमेऱ्याला तो पेंगताना दिसायचा. सुरुवातीला त्यानं ते हसण्यावारी नेलं. गुण घसरले तसा तो डोळे ताणून गाडी चालवायला शिकला. भुवया वर, मान खांबासारखी. गाडीत शेंगदाणे खायची सवय सुटली, कारण तोंड हललं की जांभई धरली जायची. मागं बसलेल्यांशी गप्पा मारणंही थांबलं. गुण चढले. मोबाईलवर त्याच्या नावापुढं हिरवा तारा आला. तो अजून आहे ना, हे बघायला तो जेवता जेवता मोबाईल उघडायचा.

घरी बायकोच्या, रत्नाच्या, लक्षात आलं.

"तुमी बोलताना माज्याकडं बगत का न्हाई?"

"बगतोय की."

"डोळं फिरवताय नुसतं. मान हालत न्हाई तुमची."

त्यानं मुद्दाम मान वळवून दाखवली. वळवताना वाटलं, आत्ता कुठंतरी वाजेल. हे तो तिला बोलला नाही.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी तो कंपनीतल्या प्रिया नावाच्या मुलीला घरी सोडायला घोटवड्याच्या रस्त्यानं पिरंगुटला निघाला. समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. डोळे बारीक झाले आणि वाटेत दोन इशारे वाजले. तिसरा वाजला असता तर तारा गेला असता. बाजारात शिरल्यावर प्रिया म्हणाली, "काका, त्या मेडिकलपुढे डावीकडे थांबवता का?"

त्यानं डावा दिवा लावला. डावीकडचा आरसा नीट बघायला मान वळवावी लागते. त्यानं ती वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं बघितलं आणि गाडी डावीकडं घेतली.

धप्प आवाज झाला. प्रिया किंचाळली.

डावीकडून मागून सायकलवर येणारा माणूस गटाराच्या कडेला पडला होता. त्याचं नाव देवू, डोंगरावरच्या कातकरी वाडीतला, एका बांधकामावर बिगारी. उजवा खांदा धरून तो नुसता कण्हत होता. एकनाथनं आणि प्रियानं त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि ते दवाखान्याकडं निघाले. एकनाथ सारखं मागं वळून विचारत होता, "गड्या, जागा हाईस ना?" दर वेळी कॅमेरा वाजायचा. कृपया सामने देखिए. कृपया सामने देखिए. शेवटी प्रियानं पुढं वाकून आपली ओढणी त्या कॅमेऱ्यावर टाकली.

देवूच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेखरनं एकनाथला ऑफिसात बोलावून चहा मागवला.

"टेन्शन घेऊ नकोस. व्हिडिओ बघितला मी. नजर समोर, दिवा लावलेला, स्पीड कमी. सिस्टमनं तुला क्लीन दिलंय. चूक सायकलवाल्याची. ओढणीचंही मी बघून घेतो."

"सायेब, मी आरशात बघितलंच न्हाई."

"म्हणजे?"

"मान वळवली असती तर वाजलं असतं. म्हणून न्हाई वळवली."

शेखरनं दरवाजाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बाहेर बोलू नकोस. अपघाताचं कारण टाकायला सिस्टममध्ये तीनच पर्याय आहेत. झोप, मोबाईल, नाहीतर समोरच्याची चूक. तू म्हणतोस ते मी कशात टाकू?"

एकनाथनं चहा तसाच ठेवला.

रविवारी तो वाडीवर गेला. देवू हात गळ्यात बांधून दारात बसला होता. त्याची बायको लिलाबाई आतूनच म्हणाली, "तुमच्या ठेकेदाराचा मानूस यिऊन गेला. म्हनला, चूक आमचीच हाय."

"त्यानं खोटं सांगितलं. चूक माजी हाय."

देवू म्हणाला, "मला आरशात तुमचं तोंड दिसत व्हतं. डोळं ह्ये एवढं उघडं. मला वाटलं, मानूस बगतोय."

एकनाथला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हणालं नव्हतं.

सोमवारी त्यानं देवूला पौडला नेलं आणि पोलिसांत जबाब दिला, आरसा न बघण्याचं कारणही सांगितलं. देवूच्या उपचाराचा खर्च गाडीच्या विम्यातून निघेल, असं तिथं कळलं. एकनाथच्या मोबाईलवर त्या संध्याकाळपासून एकही फेरी आली नाही. त्याला कुणी काढलं नाही, कुणी फोनही केला नाही. काही दिवस तो सकाळी गणवेश घालून ओट्यावर बसायचा. मग रत्नानंच तो गणवेश धुऊन ट्रंकेत टाकला.

आता तो पिरंगुटच्या एका रोपवाटिकेचा टेम्पो चालवतो. त्यात कॅमेरा नाही. मालकीण उषाताई गोड बाई आहे, पण तिला त्याचं कोडं सुटत नाही. टेम्पो मागं घ्यायचा असला की एकनाथ मान वळवायला जातो, ती अर्ध्यातच अडते. मग तो इंजिन बंद करतो, खाली उतरतो, मागं जाऊन सगळं नीट बघतो, परत चढतो.

"अहो दादा, आरसा आहे की," उषाताई म्हणते.

"व्हय ताई," तो म्हणतो, आणि पुन्हा एकदा उतरून बघून येतो.