हरण्यासाठी मांडलेला पट

जळगावच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी कागद-पुठ्ठ्याचे खेळ तयार करायला शिकवतो. पहिल्याच तासाला बजावतो, खेळाला नियम हवेत आणि खेळणाऱ्याला जिंकावंसं वाटलं पाहिजे. तेवढंही जमत नसेल तर गुमान कॅरम खेळा.

परीक्षेला भाविकानं पुठ्ठ्यावर घरं आखून आणली, सोबत चार कवड्या आणि सोंगट्या. चौघीजणी खेळायला बसल्या. बघतो तर जी ती आपली सोंगटी मारून घ्यायच्या मागे. माझं डोकंच फिरलं.

"हरायला कोण खेळतं? नापास करीन."

तिचे डोळे भरले, पण बया हटली नाही. "सर, हा माझ्या आजीचा खेळ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी खेळायच्या. जी हरेल ती सगळ्यात शेवटी सासरी जायची. पण मुद्दाम हरताना पकडली गेली, तर दुसऱ्या दिवशी पहिली एसटी तिची."

मी पट पुन्हा मांडायला लावला. आता पकडण्याचा नियमही कळल्यावर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत कवड्या टाकू लागल्या. तास संपला तरी कोणी उठेना. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, तरी एकीचीही लबाडी पकडता आली नाही. भाविकाला पैकीच्या पैकी मार्क दिले.

मेहरूणला घरी आलो, पण जेवणात मन लागेना. धुळ्याकडच्या आमच्या गावी माझी थोरली बहीण कामिनी अक्का अशीच आखाजीला यायची. दरवर्षी कवड्यांच्या खेळात माझ्याकडून हरायची, आणि मी आठ वर्षांचा शहाणा गावभर सांगत फिरायचो. मग ती आईला म्हणायची, "याला हरवल्याशिवाय मी जात नाही." सासरी निरोप जायचा, अजून चार दिवसांनी पाठवतो. मी तिला पुन्हा हरवायचो. आई गेल्यापासून अक्का आलेली नाही. मीही कधी बोलावलं नाही, त्याची आज लाज वाटली.

अमळनेरला तिच्या सासरी फोन लावला.

"अक्का, तू मुद्दाम हरायचीस ना?"

ती हसली. "तुले आज समजनं का, भाऊ?"

"या आखाजीला ये."

ती हळूच म्हणाली, "माले लेवाले कोन येई?"

माहेरवाशिणीला न्यायला माणूस जावा लागतो, हे मी पार विसरलो होतो. बासष्ट वर्षांची झाली म्हणून काय झालं.

"मी येतो," म्हटलं.

"कव्हय येशी?" तिनं लगेच दिवसच विचारला.