चार सेकंदांचे उपाशी ओठ

ऑफिसात तिला सगळे कानवाली म्हणत. दिवसभर कानांवर हेडफोन. हाका मारणाऱ्याचा घसा बसला तरी हिला पत्ता नसे. काम एकच. जुन्या माहितीपटांच्या फायलींत दोन आवाज असत, एक मूळ माणसाचा आणि एक डबिंगचा. ते सोडवायचे आणि दोन वेगळ्या फायली करून ठेवायच्या.

त्या दिवशी साहेबांनी एक अर्ज तिच्या टेबलावर टाकला. "बाकावरच्या त्या बाईंना त्यांचा मूळ आवाज देऊन टाक एकदाचा. तीन आठवडे डोकं खाल्लंय माझं."

बाईंचा नवरा बावीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या आगीत गेला होता. तेव्हा त्या एका माहितीपटात बोलल्या होत्या, आपल्या भाषेत. इथली भाषा त्यांना तेव्हा ओ की ठो कळत नव्हती. पुढे चौकशीत तोच माहितीपट दाखवला, पण डबिंग केलेला. अधिकाऱ्यानं विचारलं, "या तुम्हीच ना?" पडद्यावर स्वतःचा चेहरा बघून यांनी मान डोलावली. झालं! अपघात म्हणून प्रकरण मिटलं. काही वर्षांनी भाषा कळायला लागली, तेव्हा समजलं की आपलं एक वाक्य त्यात नाहीच. तेव्हापासून त्या सांगत सुटल्या होत्या, पण कोण ऐकतंय? पोटचा मुलगासुद्धा म्हणाला, "पैसे घेतलेस आणि गप्प बसलीस." तो घर सोडून गेला तो गेलाच.

कानवालीनं फाइल उघडून आधी डबिंगचा आवाज लावला. "धूर आला. आम्ही फाटकाकडे धावलो. आतलं दार उघडलंच नाही," असं तो आवाज सांगत होता, आणि तो तिच्या आईचा होता.

आता या आईचं सांगायलाच हवं. उभा जन्म तिनं डबिंगमध्ये घालवला. भाषांतरही तिचंच, आवाजही तिचाच. बाईंची भाषा ही तिची माहेरची, म्हणून तर कानवालीलाही ती येत होती. आणि तोरा काय तिचा! कपडे वाळत घालतानासुद्धा लेकीला धडा चालू. "हलत्या ओठांना उपाशी ठेवायचं नाही. काही सुचलं नाही तर उसासा घाल, हुंदका घाल, पण घास भरव."

आणि इथे 'उघडलंच नाही' नंतरही बाईंचे ओठ हलत होते. चार सेकंद हलत होते, आणि त्यांवर आईचा साधा उसासाही नव्हता. कानवालीनं डबिंग बंद करून मूळ आवाज लावला.

"मुकादमानं बाहेरून कडी घातली. मी बघितलं."

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिनं आईला विचारलं. आई चादरींच्या घड्या घालत होती.

"ते वाक्य ओठांवर बसत नव्हतं," आई म्हणाली.

"चार सेकंद रिकामे होते, आई."

"बसत नव्हतं म्हटलं ना! तू आता मला शिकवणार?" असं म्हणून आईनं घडी घातलेली चादर झटकून उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. कानवालीला आईचा राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. ती त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना शेजारी बसवलं, हेडफोन दिले. बाईंनी आपलाच तरुण आवाज दोनदा ऐकला. रडल्या नाहीत. "आता ती दुसरी लावा," म्हणाल्या. तीही पूर्ण ऐकली.

"आवाज छान आहे हो. माझ्यापेक्षा हिच्यावर विश्वास बसला सगळ्यांचा. कोण आहे ही?"

कानवालीनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाईंना फाइल मिळालीच होती.

"माझी आई."

"आहेत अजून?"

"आहे."

"चला मग."

वाटेत कानवालीनं 'वाक्य बसत नव्हतं' हे आईचं उत्तरही बाईंना सांगून टाकलं. दुपारी आईनं दार उघडलं. समोरचा चेहरा तिनं लगेच ओळखला. तासन्‌तास बघितलेला चेहरा होता तो. तिनं खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी कानवालीला लॅपटॉप उघडायला लावला, चित्र लावायला सांगितलं, आवाजाशिवाय.

"माझं राहिलेलं वाक्य बोला," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्या इथल्या भाषेत."

"अहो, माझं वय झालं आता..."

"बोला."

पडद्यावर तरुण बाईंचे ओठ हलायला लागले. आईची नजर आपोआप त्या ओठांवर गेली, मान किंचित पुढे झाली आणि ती बोलली, "मुकादमानं बाहेरून कडी घातली. मी बघितलं." ओठ मिटले तेव्हाच तिचा शब्द संपला. ना मागे, ना पुढे.

मग आईच त्या खुर्चीवर बसली. "निर्माते म्हणाले, पैसा कारखानदाराचा आहे, तेवढं वगळा. त्या जागी हुंदका घाला म्हणाले. तो नाही घातला मी. वाटलं, रिकामं दिसलं की कुणीतरी विचारेल."

"मी विचारत होते की," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं."

बाईंनी पुढे होऊन लॅपटॉप हलक्या हातानं मिटला.

"आणि बसत होतं की हो वाक्य."