लिडियाचा झगा

तापाने लिडिया गेली तेव्हा तिच्या चित्रातला फक्त चेहराच पुरा झाला होता. मानेखाली नुसता करडा रंग. अमेरिकेतल्या सेलमच्या बंदरात हॅलोवेल घराण्याची तीन जहाजं होती. त्या घरच्या मुलीचं चित्र अर्धवट राहणं तिच्या आईला सोसवेना. तिने चित्रकार टिल्डनला पुन्हा बोलावलं आणि धाकट्या डॉर्कसला बहिणीच्या जागी बसवलं.

अंगात लिडियाचा पांढरा मलमलीचा झगा, केस ग्रीक मूर्तीसारखे बांधलेले, हात लाकडी खांबावर टेकलेला. डिसेंबरच्या थंडीत डॉर्कस कुडकुडायची. समोर कॅनव्हासवरून लिडिया तिच्याकडे बघत असायची, आपली वस्तू न विचारता घेणाऱ्याकडे बघावं तशी.

एकदा आई दारात येऊन म्हणाली, "लिडिया, मान ताठ ठेव गं."

"आई, मी डॉर्कस."

"तेच म्हटलं मी."

मग जेवायला बसल्यावरही तेच. "लिडिया, मासा घे ना अजून." डॉर्कसने दोनदा चूक सुधारली, मग सोडून दिलं. मासा वाढून घेतला.

चित्र संपत आलं तेव्हा डॉर्कस उठून जवळ गेली. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. चित्रात तिथे नितळ कातडी होती.

"माझा डाग कुठे गेला?"

"तुमच्या आईंना थोरल्या बाईंचा हात हवाय," टिल्डन म्हणाला.

"आणि चेहरा? तो माझ्यासारखा का झालाय?"

टिल्डनने कुंचला खाली ठेवला. "चेहऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं मी. पण समोर तुम्ही. हात आपोआप तिकडे जातो. पुसायला गेलो, तर आता थोरल्या बाई मला आठवतच नाहीत."

तेवढ्यात आई आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "हीच माझी लिडिया!" मग वळून तिने डॉर्कसला असं न्याहाळलं, जणू कुणी परकी मुलगी घरात शिरली आहे.

"तो झगा काढ," ती म्हणाली. "माझ्या मुलीचा आहे तो."

डॉर्कसने तिथेच, टिल्डनसमोर, बंद सोडायला सुरुवात केली. टिल्डनने घाईने पाठ फिरवली.

वसंतात ती पोर्ट्समथला मावशीकडे गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. आईच्या पश्चात चित्र तिच्याकडे आलं. ते तिने जिन्यापाशी टांगलं. ही कोण, असं तिची मुलं विचारायची.

"आमच्या घरातली होती एक," ती म्हणायची.