लवू परबांचं सोंग

मुंबईत थंडी पडते ती फक्त मुलुंडला, असं मुलुंडची माणसं छातीठोकपणे सांगतात. मागे डोंगर आहे, झाडी आहे, आणखी काय काय आहे. खरं सांगायचं तर पंखा पाचावरून दोनवर आणला की झाली यांची थंडी. पण त्या डिसेंबरात तेवढीसुद्धा पडली नव्हती. सकाळी धुकं दिसायचं, पण ते धुकं कसलं, बांधकामांची धूळ आणि धूर. डोंगर दिसेनासा झाला होता आणि लोक घाम पुसत पुसत खोकत होते.

अशा हवेत ‘पहाटवेडे’ मंडळाला आजोबा दौड काढायची हौस आली. पहाटवेडे म्हणजे रोज उजाडायच्या आधी रस्त्यावर धावणारी माणसं. दर हिवाळ्यात ते एक गमतीची दौड काढतात. यंदा ठरलं की सगळ्यांनी म्हातारं बनून यायचं. माकडटोपी, मफलर, स्वेटर, हातात काठी. बक्षीस पहिल्या येणाऱ्याला नाही, सोंग उत्तम वठवील त्याला. जो जास्त वाकेल, खोकेल, धापा टाकेल तो जिंकला. तरण्याताठ्या पोरांना म्हातारपणाची गंमत वाटणारच, त्यांचं काय जातंय?

रत्नप्रभा परबला हे पहिल्यापासून आवडलं नव्हतं. म्हातारपणाची नक्कल करून त्याला घरी बोलवायची गरज नाही, असं तिचं मत. शिवाय तिचा नवरा लवू साठी ओलांडलेला. त्याला म्हातारं बनायला टोपी कशाला हवी?

पण लवू परबांना पहाटवेड्यांचं वेड लागलं होतं. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जन्म घालवलेला माणूस, निवृत्त झाल्यावर गॅलरीत नुसता बसून असायचा. मंडळाची प्रमुख संघमित्रा त्यांच्याच इमारतीत राहायची. बँकेतली बाई, आवाज खणखणीत, ‘नाही’ ऐकायची सवय नाही. तिने एक दिवस त्यांना ओढून नेलं. त्या मंडळाची एक रीत होती. मागे राहिलेल्याला एकटं सोडायचं नाही. पुढे पोचलेले सगळे परत मागे यायचे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचे आणि टाळ्या वाजवत, ‘बसायचं नाही, बसायचं नाही’ असं ओरडत त्याला शेवटपर्यंत आणायचे. पहिल्या दिवशी लवूंना असंच आणलं. घरी येऊन सांगताना त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यात कोणी त्यांच्यासाठी टाळी वाजवली नव्हती, त्यांच्या बायकोनेसुद्धा.

तिने वाजवावी तरी कशाला? रत्नप्रभा राजाराम दशावताऱ्याची मुलगी. बापाने रंग फासून राक्षस उभा केला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. सोंग म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको. लग्न ठरल्यावर जत्रेत सासऱ्यांनी हौसेने जावयाला द्वारपाल केलं होतं. एकच वाक्य होतं. लवू भाला धरून उभे राहिले ते खेळ संपेपर्यंत उभेच, वाक्य तोंडातच राहिलं. त्यानंतर आजतागायत या माणसाला खोटं हसणं जमलं नव्हतं, की न आवडलेल्या भाजीला बरी म्हणणं जमलं नव्हतं. लपवायचं असलं की गप्प बसायचं, एवढंच त्यांना यायचं.

दौडीच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये तालीम झाली. लवू असे वाकले की जणू सोफ्याखाली चावी पडली आहे. खोकले ते तर शाळेत हजेरी दिल्यासारखे. रत्नप्रभा हसून हसून भिंतीला टेकली.

“तुमचा काय होवचा नाय,” ती म्हणाली.

मग त्यांनी ट्रंकेतून वडिलांचा खाकी स्वेटर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला आणि तिचं हसू गेलं.

“ह्यो नको. मामांच्या अंगात शेवटी ह्योच होतो.”

“म्हणानच घालतंय. बाबांचा सोंग करूचा आसा.” बोलता बोलता ते डावा खांदा चोळत होते.

“खांदो कित्याक चोळतास?”

“गॅस झालो आसा. वायच ओवो दी.”

तिने ओव्याचं गरम पाणी दिलं. ते प्यायल्यावरही त्यांचा हात खांद्यावरून खाली येईना. त्यांच्या वडिलांनाही गॅसच झाला होता. ओवा खाऊन, तोच स्वेटर घालून ते डॉक्टरकडे निघाले आणि जिन्यातच बसले, ते परत उठले नाहीत. रत्नप्रभा तेव्हा नवी सून होती, पाण्याचा तांब्या घेऊन तीच धावली होती.

“उद्या जाव नकात. सकाळी आधी डॉक्टरकडे जाऊया.”

“पोरां वाट बघतली,” लवू म्हणाले आणि गप्प बसले.

सकाळी तिचा जीव टांगणीला लागलेला होता, तरी ती गेली. नवऱ्यावर नजर ठेवायला दुसरं कोण होतं? संघमित्राने तिला शेवटच्या टप्प्यावरचं पाण्याचं टेबल दिलं होतं आणि आजी बनून या असा हुकूमही सोडला होता. नऊवारी नेसून केसांना पावडर फासून ती उभी राहिली. आजूबाजूला टोप्या घातलेली, काठ्या आपटणारी शंभरेक माणसं. टोपीतून फक्त डोळे आणि नाक दिसत होतं, कोण कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता. सगळे एकाच सुरात खोकत होते. रत्नप्रभेला ते खोकणं नको नको झालं. लवूंनी जाताना तिला काठी उंच करून दाखवली आणि त्या टोप्यांच्या घोळक्यात ते दिसेनासे झाले.

ऊन चढलं. धूर तसाच होता. हळूहळू म्हातारे परत येऊ लागले, घामाने भिजलेले, टोप्या काढून हसणारे. त्यातला जो तो विचारायचा, “काकी, काकांचा व्हिडिओ बघितला?”

तिने फोन उघडला. मंडळाच्या ग्रुपवर संघमित्राने टाकलेला व्हिडिओ होता. खाकी स्वेटरमधले लवू, कमरेत वाकलेले, एक हात छातीशी, दुसरा काठीवर. दोन पावलं टाकायचे, थांबायचे, खांदे उचलून हवा ओढायचे. पाय फरफटत होता. मागून टाळ्या आणि हसणं ऐकू येत होतं. खाली लोकांनी हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती.

माईकवर हर्षद होता, मंडळाचा सूत्रसंचालक. “मंडळी, बक्षीस गेलं लवूकाकांकडे,” तो गरजला. “नटसम्राटांनी पाणी भरावं असा अभिनय. घरी फोटो लावा यांचा.”

रत्नप्रभेचा ऊर भरून आला. ‘अगो बाय, जमला की ह्यांका,’ ती मनात म्हणाली. आपण उगाच या माणसाला जन्मभर हसलो असं वाटलं, आणि तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला.

दुसऱ्यांदा बघताना तिने फोन डोळ्यांजवळ धरला. सोंग घेतलेल्या माणसाचं लक्ष बघणाऱ्यांकडे असतं, कितीही रंगला तरी. लवू कोणाकडेच बघत नव्हते. आणि कालचा माणूस, ज्याला साधं खोकता आलं नाही, तो एका रात्रीत नट कसा होईल? त्यांना सोंग येत नाही. हे तिच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं.

ती हर्षदकडे धावली. “ॲम्ब्युलन्स पाठव. त्यांना त्रास होतोय. ते सोंग नाहीये रे.”

पांढरे केस, नऊवारी, कापरा आवाज. हर्षद खूश झाला. त्याने माईक तिच्या तोंडासमोर धरला. “ऐका मंडळी, आजीबाई पण मागे नाहीत. आजोबांना आणायला निघाल्यात.”

सगळीकडे हशा पिकला. तिने माईक हाताने झिडकारला, तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या. तिच्या लक्षात आलं की इथे आज कोणालाच काही सांगता येणार नाही. मग तिने ओचा खोचला आणि पळत सुटली. जन्मात कधी धावली नव्हती. घामाबरोबर पावडर डोळ्यांत उतरत होती. पोचलेले लोक रीतीप्रमाणे परत मागे येऊन दोन्ही बाजूंना उभे होते. “खरंच बरं नाहीये त्यांना,” ती प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येक जण जास्त जोरात टाळ्या वाजवत होता. “आजी, बसायचं नाही,” पोरं ओरडत होती. तिला त्या सगळ्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

कारखान्याच्या बंद फाटकापाशी लवू दिसले. अजून उभे होते. त्यांच्यापुढे संघमित्रा उलटी चालत होती, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने त्यांना पुढे बोलावत होती. “चला काका, थोडंच राहिलंय.”

रत्नप्रभेने जाऊन आधी त्यांची टोपी ओढून काढली. आतला चेहरा राखेच्या रंगाचा होता. ओठ निळे पडले होते. टाळ्या जवळच्यांच्या आधी थांबल्या, मग लांबच्यांच्या. संघमित्राच्या हातातला फोन खाली आला. ती काहीतरी बोलायला गेली आणि मग तोच फोन कानाला लावून ॲम्ब्युलन्सचा पत्ता सांगू लागली. तिचा खणखणीत आवाज फुटत होता.

लवू बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. तिने स्वेटर फाडायचा प्रयत्न केला, पण जुनी लोकर फाटेना.

“बसलेलंय गे मी,” ते म्हणाले. “दोनदा बसलंय. पोरां टाळ्यो वाजवक लागली. मगे उठलंय.”

“बोला नकात.”

“इतक्या टाळ्यो...” त्यांना श्वास पुरेना. त्यांनी तिच्याकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा कोणाकडे तरी नीट बघितलं. “जमला काय गे?”

रत्नप्रभा सोंगाच्या बाबतीत कधी खोटं बोलली नव्हती, बापाशीही नाही.

“जमला,” ती म्हणाली. “झकास जमला.”

लवूंना बरं वाटलं असावं. त्यांच्या मुठीतली काठी सुटली आणि रस्त्यावर घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबली. त्यांचे डोळे उघडेच होते, पण ते आता तिच्याकडे बघत नव्हते.

हर्षदला कळवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लांबून, धुरातून त्याचा आवाज आला. पहिलं बक्षीस, लवू परब. आधी लवूकाका म्हणून हाक मारली, मग परब आजोबा म्हणून. तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या बराच वेळ वाजत राहिल्या. फाटकापाशी उभी असलेली पोरं डोक्यावरच्या टोप्या काढून हातात धरून उभी होती.