दुसरं कार्ड

लोरेन गोर्नी आणि बर्नाडीन शुस्ट एकाच रस्त्यावर, मध्ये तीन घरं सोडून राहत. अमेरिकेतल्या, मोठ्या तळ्याकाठच्या ईरी गावात या रस्त्यावर फेब्रुवारीत बर्फ कमरेपर्यंत चढतो आणि एप्रिल उजाडला तरी कोपऱ्याकोपऱ्यांत काळा पडून बसलेला असतो. दोघींचे नवरे गेलेले, मुलं दूरच्या राज्यांत. लोरेननं शाळेचं स्वयंपाकघर तीस वर्षं सांभाळलं होतं, त्यामुळे माणसांना रांगेत उभं करायची सवय तिच्या हाडात मुरली होती. बर्नाडीन, म्हणजे बर्नी, इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त झालेली; आवाज हळू, हसणं मोठं. मोतीबिंदूनंतर तिनं गाडी चालवणं सोडलं आणि तेव्हापासून गुरुवारची खरेदी लोरेनच्या गाडीतून सुरू झाली.

खरेदी म्हणजे हार्बर होलसेलची. वर्षाची वर्गणी भरायची, कार्ड घ्यायचं आणि मग त्या विमानतळाएवढ्या गोदामात शिरायचं. एकट्या बाईला तिथून काही आणणं म्हणजे वेडेपणा होता. अंडी छत्तीस, खिमा दहा पौंड, मेयोनीजची बरणी बादलीएवढी. पण दोघी असल्या की जमायचं. बर्नीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटणी व्हायची, लोरेन वजनकाट्यावर खिमा मोजायची आणि बर्नी पिशव्यांवर तारखा घालायची. उरलेलं बर्नीच्या तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये. फ्रीजरच्या मधोमध लोरेननं लाकडी फळी बसवली होती. डावी बाजू लोरेनची, उजवी बर्नीची.

एका वर्गणीवर दुसरं कार्ड फुकट मिळतं, पण ते त्याच घरात राहणाऱ्या माणसाला. अकरा वर्षांपूर्वी लोरेन काउंटरवर ताठ उभी राहून म्हणाली होती, "ही माझी बहीण. आम्ही एकत्र राहतो." बर्नीचे कान लाल झाले होते. फोटोतही ते लालच आले. परत येताना गाडीत दोघी इतक्या हसल्या होत्या, की लोरेनला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं होतं.

सप्टेंबरात समोरच्या पिवळ्या दाराच्या घरात ट्वायला हेंड्रिक्स राहायला आली. क्लीव्हलंडला एकोणतीस वर्षं शहराची बस चालवलेली, साठीतली, उंच, कानात मोठाल्या चांदीच्या रिंगा. येताना लाल पिकअप ट्रक घेऊन आली आणि पहिल्याच बर्फात न सांगता बर्नीच्या दारातली वाट मोकळी करून गेली. जो भेटेल त्याला ती 'राणी' किंवा 'राजा' म्हणायची. लोरेनलाही म्हणाली. लोरेननं तिला आपलं आडनाव सांगितलं, हाक त्यानंच मारावी म्हणून.

तेवढ्यापर्यंत ठीक होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर एका मंगळवारी लोरेन पोर्क चॉप काढायला बर्नीच्या तळघरात उतरली, फ्रीजरचं झाकण उघडलं आणि बघते तर फळीच्या उजव्या बाजूला कोळंबीची मोठी पिशवी. निळी, चकचकीत, वर 'काउंटी लाइन' असं दुसऱ्याच गोदामाचं नाव छापलेलं. तिच्या खाली तिथलेच पीरोगी, बटाटा भरलेले पोलिश कानवले. त्याखाली आणखी काहीतरी, आणि त्या सगळ्यानं फुगून फळी डावीकडे तीन बोटं सरकलेली.

पिशवी हातात घेऊनच ती वर आली. "बर्नी, हे काय आहे?"

"कोळंबी." बर्नी शब्दकोडं सोडवत होती.

"ते दिसतंय मला. आली कुठून?"

"ट्वायला काउंटी लाइनला निघाली होती. म्हणाली, चल. मग गेले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" बर्नीनं चष्म्यावरून बघितलं. "कोळंबी आहे गं. पळून जाऊन लग्न नाही केलेलं मी."

लोरेन हसली नाही. "तिथे माल जुना असतो. सगळ्यांना माहितीय."

"बरं."

"आणि टॉयलेट पेपर असा, की पलीकडचं दिसतं."

"बरं, लोरेन."

त्या 'बरं'नं लोरेनच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन तिनं चॉप तळले आणि न खाताच झाकून ठेवले. नवरा गेला तेव्हाही तिची भूक मेली नव्हती.

त्यानंतर तिला लाल ट्रक जिथेतिथे दिसू लागला. शनिवारी सकाळी ट्रक बर्नीच्या दारात. सोमवारी दुपारी ट्रक नाही आणि बर्नीच्या घरात दिवाही नाही. लोरेन पडदा बोटभर सरकवून उभी राही. ट्रक परत आला की दोघी ओझी उतरवत, ट्वायला काहीतरी बोले आणि बर्नी ट्रकला टेकून, पोट धरून हसे. असं ती हार्बरच्या गाडीतळावर किती दिवसांत हसली नव्हती, हे लोरेन आठवू लागली आणि मग आठवायचं तिनं सोडून दिलं.

गुरुवारी बर्नी नेहमीसारखी तिच्याबरोबर हार्बरला आली. पण ढकलगाडीच्या मागे ती आता पाहुण्यासारखी चालत होती.

"लोणी घ्यायचंय ना?" लोरेननं विचारलं.

"आहे माझ्याकडे."

"कुठून?"

बर्नी चीजचे भाव वाचत राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर्गणी नव्यानं भरायची वेळ आली. लोरेननं फोन केला. "तुझं कार्डही करून टाकते."

मग बर्नी म्हणाली, "या वर्षी माझं राहू दे, लोरेन. दोन-दोन ठिकाणं कशाला करायची."

"दोन नाहीतच. एकच आहे."

"मी बोलेन तुझ्याशी नीट," बर्नी म्हणाली. पण ती बोलली नाही.

मग लोरेननं वही काढली. स्वयंपाकघर चालवणारी बाई ती. भावनेवर विसंबणारी नव्हती. हार्बरमध्ये जाऊन तिनं अंडी, कॉफी, लोणी, खिमा, साबण सगळ्यांचे भाव वजनासकट उतरवले. टॉयलेट पेपरची तर पानं मोजली. काउंटी लाइनचं एक दिवस मोफत बघून जाण्याचं पत्रक टपालानं आलं होतं, ते तिनं कचऱ्यातून परत काढलं आणि एका शुक्रवारी, या वेळी कुणी भेटणार नाही असा हिशेब करून, ती शत्रूच्या गोदामात शिरली.

सगळं वाईट निघावं, एवढीच तिची इच्छा होती. दिवे पिवळट असावेत, फरशी चिकट असावी. पण फरशी लख्ख होती. अंडी महाग होती, तेव्हा तिनं पेन्सिल दाबून आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. कॉफी सारखीच. लोणी मात्र स्वस्त, आणि चांगलंच स्वस्त. लोरेन त्या लोण्यासमोर खूप वेळ उभी राहिली. वेष्टन उलटंपालटं करून पाहिलं, तारीख पाहिली, वजनात काही चलाखी सापडते का ते पाहिलं. काहीच सापडलं नाही.

पुढे एक बाई कागदी वाटीतून पीरोगी चाखायला देत होती. बटाट्याचे, वर परतलेला कांदा. लोरेननं एक खाल्ला. हार्बरच्यापेक्षा चांगला होता. तिच्या आईच्या हातचा नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारा खरा.

"आणखी घ्या ना," बाई म्हणाली.

"नको," लोरेन म्हणाली, जणू त्या बाईनंच तिचं काही चोरलं होतं.

निघायला ती दाराकडे वळली आणि बर्नीचं हसू ऐकू आलं. दाराशेजारी सभासदांचा काउंटर होता आणि काउंटरजवळ मोटारीच्या टायरांच्या उंच राशी. लोरेन विचार न करता राशीच्या मागे गेली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हातात वही, नाकात रबराचा वास.

काउंटरवर ट्वायला होती आणि तिच्याजवळ बर्नी. बर्नीनं केस विंचरले होते, ओठांना रंग लावला होता. फोटोसाठी.

"दुसरं कार्ड घरातल्याच माणसाला देतो आम्ही," काउंटरवरची तरुण मुलगी सांगत होती. "यांचं तुमचं नातं?"

ट्वायला उंच, सावळी, चांदीच्या रिंगावाली. बर्नी बुटकी, कागदासारखी गोरी, निळ्या डोळ्यांची. ट्वायलानं बर्नीकडे पाहिलं. बर्नी म्हणाली, "बहिणी आहोत आम्ही. एकत्रच राहतो."

ट्वायलाला हसू फुटलं. बर्नीलाही फुटलं. ती मुलगी गोंधळून हसली.

लोरेनच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिला फक्त आपला आवाज ऐकू आला. शाळेच्या जेवणघरात शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा, तोच आवाज.

"खोटं आहे ते! त्या बहिणी नाहीत आणि एका घरात राहतही नाहीत. ही बाई माझ्या रस्त्यावर एकशे बारा नंबरात राहते!"

रांगेतली माणसं वळली. काउंटरवरच्या मुलीचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. "मॅडम, असं असेल तर... मला कार्ड करता येणार नाही," ती ट्वायलाला हळूच म्हणाली. "माफ करा."

बर्नीचे कान लाल झाले. ओठांवरचा रंग तिनं हाताच्या पाठीनं पुसला आणि ती दाराबाहेर चालू लागली.

लोरेननं तिला गाडीतळावर गाठलं. वारा तळ्यावरून येत होता आणि रिकाम्या ढकलगाड्या आपोआप सरकत होत्या.

"बर्नी, थांब. अगं, मी..."

"तूच शिकवलंस मला हे," बर्नी म्हणाली. तिचा हळू आवाज अजून हळू झाला होता. "हे खोटं तुझं होतं. ते माझ्यासाठी बोललीस तेव्हा चालत होतं."

"म्हणूनच. तेच तू आणखी कुणासाठी बोललीस."

"तू माझी बहीणच असतीस तरी एवढी दादागिरी मी खपवून घेतली नसती." बर्नीनं श्वास घेतला. "अकरा वर्षं मी राय धान्याचा काळा पाव खातेय. आवडत नाही मला तो. माझ्या आईलाही आवडायचा नाही. तू टोपलीत टाकतेस, अर्धा कापतेस आणि माझ्या हातात देतेस."

"मग बोलायचं होतंस."

"बोलले होते. पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, पोटाला चांगला असतो."

लोरेनला ते आठवेना आणि ते खरं असणार हेही तिला ठाऊक होतं.

"ट्वायला विचारते," बर्नी म्हणाली. "'राणी, तुला काय हवंय?' एवढंच विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला सांगताच येईना. दहा मिनिटं उभी होते मी तिथे. मग कोळंबी म्हणाले."

ट्वायला ट्रक घेऊन पुढ्यात आली. तिनं दार उघडलं, लोरेनकडे पाहिलं, पण बोलली नाही. त्या न बोलण्याचाच लोरेनला जास्त राग आला, आणि राग ओसरल्यावर जास्त लाज.

पुढचे दोन गुरुवार लोरेन कुठेच गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात दारावर थाप पडली. ट्वायला उभी, हातात बर्फाची पेटी.

"फ्रीजरमधला तुमचा माल," ती म्हणाली. "बर्नी म्हणाली, वितळायच्या आत पोचव."

"तिनं पाठवलं?"

"मी विचारलं, स्वतः का नाही जात. तर रडायला लागली. म्हणून मी आले." ट्वायलानं पेटी खाली ठेवली. "राणी, भांडणाची मला हौस नाही. बसमध्ये एकोणतीस वर्षं जागेवरून भांडणारी माणसं बघितली. दोघंही बसलेलीच असतात, तरी भांडतात."

लोरेननं तिला आत या म्हटलं नाही. पण दारही लावलं नाही. "तिथलं लोणी स्वस्त आहे," ती अखेर म्हणाली.

"माहितीय."

"अंडी महाग आहेत."

"तेही माहितीय. अंडी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते." ट्वायला पायऱ्या उतरली, मग वळली. "मी तिला उचलून आणली नाही तुमच्याकडून. तिच्या दारात बर्फ होता, तो काढला. एवढंच."

त्या संध्याकाळी लोरेन एकशे बारा नंबरात गेली. रिकाम्या हातांनी; काही घेऊन जावंसं वाटलं होतं, पण काय आवडेल ते तिला खरंच माहीत नव्हतं. बर्नीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"मी लोकांसमोर तुझी अब्रू घालवली," लोरेन म्हणाली. "जळत होते मी. अजूनही जळतेय. थांबेल म्हणून सांगत नाही."

"मला कळत होतं," बर्नी म्हणाली. "पडदा हलायचा तुझा."

"तो वाऱ्यानं..."

"लोरेन."

"हो. मीच हलवायचे."

मग बर्नी म्हणाली, "गुरुवारी आता मी काउंटी लाइनला जाते, ते सोडणार नाही. ट्वायलाबरोबर जाते मी, तिच्याच कार्डावर, पाहुणी म्हणून. मला आवडतं."

"बरं," लोरेन म्हणाली. तो शब्द म्हणणं किती जड असतं, ते तिला तेव्हा कळलं.

"महिन्यातून एकदा तुझ्याबरोबर येईन. पण गाडी मी ढकलणार, आणि काय घ्यायचं ते मी सांगणार."

एप्रिलच्या शेवटी त्या एकदा हार्बरला गेल्या. बर्नीनं गाडी ढकलली आणि कसल्याशा भलत्या महागड्या, आंबट दह्याच्या चोवीस वाट्या उचलून आत ठेवल्या. लोरेनचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल, बोल," बर्नी म्हणाली. "फुटशील नाहीतर."

"काही नाही. तुला आवडतं ना?"

"माहीत नाही अजून. कधी खाल्लंच नाही."

बारा वाट्या लोरेनच्या वाट्याला आल्या. पहिली तिनं उभ्याउभ्याच खाल्ली, तोंड वाकडं करून. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला लाल ट्रकचा भोंगा वाजला, बर्नीचं दार आपटलं, दोघींचं हसू रस्त्यावरून गेलं. लोरेनच्या छातीत चुरचुरलं, अगदी नेहमीसारखं. ती खिडकीपर्यंत गेली. पडद्याला तिनं हात लावला नाही. ट्रक कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तिथे नुसती उभी राहिली, आणि मग दुसरी वाटी उघडली.