एकाच थेंबाचा निवाडा

विभागप्रमुख जयवंतराव गेली कित्येक वर्षे एकच सिद्धांत शिकवीत आले होते: सूक्ष्म शैवालाच्या पेशीला जे दोन शेपटीसारखे तंतू असतात ते एका लयीत वल्हवतात, कारण भोवतालचे पाणीच त्यांना जुळवून घेते. सिद्धांत त्यांना इतका प्रिय होता, की त्याला पुरावा मागणे त्यांच्या लेखी असभ्यपणा होता.

निरुपमा वैशंपायनने तो असभ्यपणा केला. या शैवालात लय राखतो तो पेशीच्या आतला, दोन्ही तंतूंची मुळे एकमेकांना बांधणारा धागा, असे तिचा प्रबंध म्हणत होता. दोनदा परत आलेल्या त्या प्रबंधाची आज फतेगंजमधल्या विद्यापीठात खुली मौखिक परीक्षा होती. आज हरली, तर पदवी कायमची गेली.

तिने धागा नसलेल्या पेशींची चित्रफीत दाखवली. दोन्ही तंतू जोमदार, पण ताळमेळ नाही.

"निरुपमाबाई," जयवंतराव सभेकडे पाहून म्हणाले, "हा पाण्याचा दोष! तिकडे समा वस्तीतल्या नळाचं भरून आणलंत की काय?"

विद्यार्थी हसले, ज्यांचे गुण सरांच्या हाती होते ते अंमळ जास्तच.

"मग पाणी तुमच्या प्रयोगाचं द्या, सर."

आता नाही कसे म्हणणार? बाटली आली. निरुपमाने साध्या आणि धागा नसलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी त्याच पाण्याच्या एकाच थेंबात सोडल्या. धागा नसलेल्या पेशी निळ्या प्रकाशात चमकतील अशी सोय तिने आधीच केली होती. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेली हालचाल पडद्यावर संथ होऊन उमटली. साध्या पेशी पट्टीच्या पोहणाऱ्यासारख्या सरळ निघाल्या. चमकणाऱ्या जागच्या जागी गिरक्या घेत राहिल्या.

बाहेरून आलेले परीक्षक विक्रमसिंह पुढे झुकले. "जयवंतरावभाई, थेंब एक, पाणी तो तमारुंज छे, तुमचंच. लय कोणाची तुटली?"

"...चमकणाऱ्यांची."

"म्हणजे?"

"धागा नसलेल्यांची."

"मग पाण्यानं त्यांना का नाही जुळवलं?"

जयवंतराव चष्मा पुसू लागले. निरुपमाने त्यांना सावरण्याचे पुण्य घेतले नाही.

निकाल विभागप्रमुखांनीच उभे राहून वाचायचा, असा तिथला रिवाज. ते उठले आणि कागदात तोंड घालून पुटपुटले.

"जरा मोठ्यानं, सर," निरुपमा अत्यंत अदबीने म्हणाली. "मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही."

जयवंतरावांनी पुन्हा वाचले. या खेपेस 'डॉक्टर निरुपमा वैशंपायन' हे शब्द व्हरांड्यापर्यंत गेले.